थांबण्याची खूण

१

शनिवारी सकाळी बाबुराव तोडणकरांनी दप्तराची नाडी सोडून पुठ्ठे उघडले, तर आत कागद नव्हता. त्यांनी दप्तर उलटं केलं, झटकलं, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि मग नवदुर्गा मिलच्या नक्षीघरातल्या आपल्या उंच स्टुलावर मटकन बसले. आठ महिने डोळे फोडून त्यांनी शिंपल्याच्या काठाची नक्षी काढली होती. बारीक चौकटींचा तो एकच कागद. भरलेली चौकट म्हणजे साच्यावर तिथे खुंटी, कोरी चौकट म्हणजे नाही. साचा म्हणजे माग. पण लालबागात त्याला माग कुणी म्हणत नाही. तो कागद ज्या मिलच्या हाती पडेल तिच्या साड्या येत्या लग्नसराईत मिरवतील, हे नक्षीघरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

तो दिवस तीस नोव्हेंबरचा, साल सत्तावन्न. अर्ध्या लालबागचा जीव प्रतापगडाकडे लागलेला. तिथे पुतळ्याच्या अनावरणाला पंतप्रधान येणार होते आणि संयुक्त महाराष्ट्रवाले काळी निशाणं घेऊन घाटात उभे राहणार होते. मिलच्या फाटकावर नोटीस लागली होती की विनारजा खाडा करील त्याचं नाव पटावरून कमी होईल. त्यामुळे बरेचजण मनानेच गडावर गेले होते आणि देहाने पाळीवर हजर होते.

तेवढ्यात नक्षीघरातून बाबुरावांची हाक आली, "अहो, कागद गेला! माझा कागद गेला!" आणि प्रतापगड क्षणभर सगळ्यांच्या डोक्यातून उतरला.

२

सोमवारी भोंगा होतो न होतो तोच मॅनेजर पाठारे साहेबांनी भिवा गमरेला केबिनमध्ये बोलावलं.

"गमरे, तुमच्या त्या रांगोळ्यांचा आज काही उपयोग होतो का, बघू."

भिवाला मिलमध्ये कुणी भिवा म्हणे, कुणी घड्याळवाला. नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारा सव्वीस वर्षांचा हा मॅट्रिक पास मुलगा सहा आठवड्यांचा एक वर्ग करून आला होता. तिथे त्याला कामाचा नकाशा काढायला शिकवलं होतं. पाचच खुणा. हाताने काही केलं की गोल. माल इथून तिथे गेला की बाण. तपासला की चौकोन. कुठे ठेवून दिला की त्रिकोण. आणि नुसतंच थांबावं लागलं की एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगलेली एक खूण, अर्धी पोळी ताटात ठेवावी तशी. ह्या खुणा एकीखाली एक काढून रेघेने जोडल्या की अख्खं काम कागदावर उभं राहतं, असं त्याचं म्हणणं. कामगारांचं म्हणणं, ही रांगोळी संपली की माणसं कमी करणार. म्हणून तो दिसला की गप्पा थांबत. भिवाला याचं वाईट वाटे, पण तो चिडत नसे. त्याच्या बापाला याच मिलमध्ये साचेखात्याचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा असतो ना, मग यांचं तोंड कसं चालेल! आज तो त्याच साचेखात्यात पाटी-पेन्सिल आणि वेळ मोजायचं घड्याळ घेऊन हिंडत होता, आणि हे त्याला मनापासून आवडत होतं.

"शुक्रवारी कागद चार हातांतून गेला," पाठारे म्हणाले. "शेवटचा हात गुणाजी शिपायाचा. त्याचा पुतण्या समोरच्या मिलच्या नक्षीघरात आहे. मला तर चित्र स्वच्छ दिसतंय. तरी बुधवारी दुपारपर्यंत वेळ देतो. कागद नाही मिळाला तर गुणाजी घरी, आणि पुढचं पोलीस बघतील."

गुणाजी परब एकतीस वर्षं या मिलमध्ये दप्तरं इकडून तिकडे नेत आला होता. भिवाच्या पहिल्या दिवशी सगळे बघत असताना स्वतःचा तांब्या पुढे करून "घे रे, पाणी पी" म्हणणारा हाच म्हातारा. हा चोर?

"साहेब, मला प्रत्येकाचा शुक्रवार हवा," भिवा म्हणाला. "नेहमीचा नाही. फक्त गेला शुक्रवार, मिनिटामिनिटाचा."

३

बाबुराव अजून स्टुलावरच होते.

"नऊला कागद माझ्या हाताने दप्तरात घातला. गुणाजीकडे दिला. मग दुसरी नक्षी घेतली. अकरा वीसला दिवे गेले, ते बाराला आले. चाळीस मिनिटं खिडकीशी उभा, एक रेघ नाही! दीडला जेवायला गेलो. दप्तर परत आलं तेव्हा मी नव्हतो."

"कुणावर राग आहे तुमचा?"

"सत्तावीस वर्षांत एकाही साडीवर माझं नाव नाही. राग आहे, का नसेल? पण म्हणून मी माझं पोर विकीन का हो, गमरे?"

भिवाने गोल काढला, बाण काढला, आणि दिवे गेले तिथे थांबण्याची खूण.

साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, शामराव भेटले. साच्यांच्या खडखडाटात त्यांनी भिवाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "सव्वाला खुंट्यांचं बोचकं आलं. साचा बेचाळीस गुरुवारशिवाय रिकामा होत नाही, म्हणून बोचकं फळीवर टाकलं. सोडलं नाही. आधी सोडलं की खुंट्या गळतात, माहितेय तुला."

"दिवे गेले तेव्हा?"

"साचे बंद रे! शांततेनं कान दुखायला लागले. तंबाखू मळत बसलो, दुसरं काय करणार?" मग जरा घाईने म्हणाले, "आणि खुंटेघरातल्या त्या कौसल्याला नको छळू. तिचं कामाशी काम."

भिवाने तर कौसल्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीला खुंटेघर म्हणत. एका पिवळ्या दिव्याखाली कौसल्या नाटेकर नक्षी बघून लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकी, पट्ट्या साखळीसारख्या जोडून बोचक्यात बांधी. बोचकं साचेखात्यात जाई, आणि कागद दप्तरात घालून परत नक्षीघरात. कौसल्या तिशीची, चटपटीत. आज तिचा चेहरा उन्हाने रापला होता आणि आवाज पार बसला होता.

"सर्दी," ती कशीबशी म्हणाली. "शुक्रवारी ना? दहाला दप्तर आलं. बसले ती एकलाच उठले. मध्ये मान वर नाही केली. बोचकं बांधलं, दिलं. कागद दप्तरात, दप्तर गुणाजीकाकांकडे."

शेवटी भिवा फाटकापाशी आला. गुणाजीला आत यायची मनाई होती, म्हणून तो बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"नवाक बाबुरावान दिल्यान," तो शांतपणे म्हणाला. "पाठारे सायब फोनार हुते, अर्धो तास थांबलंय. सही झाली. दहाक खुंटेघरात तीनशे अठराकडे दिलंय. मगे काळोख झालो, तेव्हा मी जिन्यार हुतंय, पायरी चुकलंय. ह्यो बघ गुडघो. दीडाक तीनशे अठरान बांधलेला दप्तर परत दिल्यान, ता कपाटात ठेवलंय. उघडून बघूक माका कित्याक व्हया?"

"काका, बुधवारी तुमचं नाव कमी करणार आहेत."

"करूं देत," गुणाजी म्हणाला आणि ट्रामकडे बघत राहिला.

निरपराध माणूस इतका गप्प कसा, हे भिवाला कळेना. आणि त्याहून वाईट म्हणजे, निरपराध नसेल तर काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

४

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत भिवा कँटीनच्या कोपऱ्यात बसला आणि चारही नकाशे एकाशेजारी एक मांडले. डावीकडे वेळ लिहिली, म्हणजे नऊच्या ओळीत सगळ्यांचे नऊ, दहाच्या ओळीत सगळ्यांचे दहा. गुणाजीच्या नकाशात बाणच बाण. बाबुरावांच्या नकाशात गोल. शामरावांच्या नकाशात शेवटी एक त्रिकोण, फळीवरच्या बोचक्याचा. कुठे काही खोटं दिसेना. भाकरी तशीच राहिली, कालवण गार झालं.

मग त्याची नजर अकरा वीसच्या ओळीवर गेली. बाबुराव थांबले. शामराव थांबले. गुणाजी जिन्यात थांबला, वर गुडघा फोडून घेतला. आणि कौसल्या? तिच्या नकाशात दहापासून एकपर्यंत एकच सलग गोल होता. अहो, अख्खी मिल चाळीस मिनिटं काळोखात होती. आणि बिनखिडकीच्या खोलीत ही बाई मान वर न करता नक्षी वाचत होती? तिने नेहमीचा दिवस सांगितला होता, कारण शुक्रवार तिला माहीतच नव्हता. ती त्या दिवशी मिलमध्ये नव्हती. शनिवारी प्रतापगडाच्या घाटात उभं राहायचं तर शुक्रवारीच निघायला हवं. रापलेला चेहरा आणि बसलेला आवाज! ही सर्दी कसली, ही तर घोषणांची सर्दी.

आणि म्हणूनच गुणाजी! बाबुरावांना तो बाबुराव म्हणाला, साहेबांना पाठारे सायब म्हणाला, आणि जिला रोज "कौसल्या, गो बाय" म्हणून हाक मारतो तिला मात्र तीनशे अठरा. तो तिकिटाचा नंबर. कायम माणसाने खाडा केला की त्याच्या जागी बदली कामगार उभा राहतो. जॉबरने कानाडोळा केला तर बदली त्याच नंबरावर राबतो, आणि हजेरीपटावर खाडा दिसतच नाही. गिरणगावात हे इतकं रोजचं की "तीनशे अठराने केलं" म्हणताना कुणाला आपण काही लपवतोय असं वाटतही नाही.

भिवा धावतच फाटकाबाहेर गेला.

"काका, शुक्रवारी दप्तर तुमच्या हातात कुणी दिलं?"

"सांगितलंय ना. तीनशे अठरान."

"तिथे कोण बसलं होतं?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे रोखून पाहिलं. "झिला, तुझ्या रांगोळीत नाव घालशीत, तर दोन घरांच्या चुली इझतीत. माझी एकच. मी म्हातारो. तू गप रव."

५

भिवापुढे आता दोन वाटा होत्या, आणि दोन्हीवर कुणाची तरी नोकरी आडवी पडली होती. नाव सांगितलं तर कौसल्या आणि तिची बदली, दोघंही घरी. नाही सांगितलं तर गुणाजी चोर म्हणून घरी. सुटका एकच, कागदच सापडायला हवा होता.

तो पुन्हा बाबुरावांकडे गेला. "शनिवारी दप्तर सोडलंत, तेव्हा नाडी कशी होती?"

"कशी म्हणजे? हो, नख मोडलं माझं. चपटी, दुहेरी फासाची गाठ. कौसल्या नेहमी सुरगाठ मारते, एक टोक ओढलं की सुटते."

"अशी चपटी गाठ कोण मारतं?"

"फोल्डिंगवाल्या बायका. गठ्ठ्याला."

फोल्डिंगखातं वरच्या मजल्यावर होतं. भरपूर उजेड, कोऱ्या कापडाचा खळीचा वास, आणि लांब टेबलाशी उभ्या बायका. भिवा दारातच थांबला. एका सडपातळ बाईने कापडाचा ताका घेतला, घडी घातली, त्या मालाचा कागद सगळ्यात आतल्या घडीत सारला, वरून घड्या घातल्या, नाडी गुंडाळली. दुहेरी फास, चपटी गाठ. मग पुढचा ताका. तिथल्या प्रत्येकीचे हात तसेच चालत होते. मालाचा कागद मालाच्या पोटात. इथे कागद कधीच मागे परतत नव्हता.

भिवाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

सडपातळ बाईने ते पाहिलं आणि तिचे हात थबकले. ती बकुळा, कौसल्याची भावजय, वर्षभर बदलीवर. भिवा जवळ गेला तशी ती पुटपुटली, "तुम्ही घड्याळवाले ना?"

"घड्याळ आज टेबलावर राहिलं. मला नाव नको, वहिनी. फक्त एवढं सांगा, शुक्रवारी दिवे गेले तेव्हा तीनशे अठराने काय केलं?"

बकुळाने आजूबाजूला पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "भुतासारखी बसले हो. अर्धी पट्टी मांडीवर. हललं तर खुंट्या सांडतील म्हणून पाय पण नाही हलवला. मुंग्या आल्या." तिने घडी पुन्हा हातात घेतली. "मी चोरी नाही केली. वन्सं म्हणाल्या, भरलेल्या चौकटीत ठोक, कोऱ्यात नको. तसंच केलं. कपाटातून चोरी झाली म्हणतात, तिथे मी गेलेपण नाही."

"तसंच केलंत, चोख केलंत. आणि मग कागद मालाच्या पोटात घातलात."

"मग?" बकुळा गोंधळून म्हणाली. "आणखी कुठे घालायचा? रिकामं दप्तर बांधून काकांना परत दिलं."

६

बुधवारी अकरा वाजता पाठाऱ्यांच्या केबिनमध्ये बाबुराव, शामराव, कौसल्या आणि गुणाजी भिंतीशी उभे होते. भिवाने एकच मोठा नकाशा टेबलावर अंथरला आणि शामरावांना बेचाळीस नंबर साच्याचं बोचकं आणायला लावलं होतं, ते शेजारी ठेवलं.

"साहेब, इथे माणसांची नावं नाहीत, कामं आहेत," तो म्हणाला. "नऊला कागद दप्तरात. इथे तुमची सही, हा चौकोन. दहाला खुंटेघर, तिकीट तीनशे अठरा. एकला काम झालं. इथून दोन बाण फुटतात. एक साचेखात्याकडे, एक नक्षीघराकडे. आपण सगळे दुसऱ्या बाणावरच कागद शोधत होतो, म्हणून गुणाजीकाका चोर ठरले. पण दप्तर बांधण्याआधी आत कागद आहे का, हे बघणारा चौकोन या मिलमध्ये कुठेच नाही. फोल्डिंगला कागद मालाबरोबर पुढे जातो. खुंटेघरात तो मागे येतो. हे कुठे लिहिलेलं नाही, सवयीने चालतं. कागद पहिल्या बाणावर गेला आणि फळीवरच्या त्रिकोणात पाच दिवस पडून आहे. शामराव, सोडा."

शामरावांनी गाठ सोडली. चार खुंट्या टपटप जमिनीवर पडल्या. पट्ट्यांची गुंडाळी उलगडली आणि अगदी आतून, नीट चौपदरी घडी घातलेला, शिंपल्याच्या काठाचा कागद निघाला. बाबुरावांनी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरला.

पाठारे मात्र कागदाकडे बघत नव्हते. हा माणूस मूर्ख नव्हता. "फोल्डिंगची सवय? कौसल्या नाटेकर एकही दिवस फोल्डिंगला नव्हती." त्यांनी हजेरीपट पुढे ओढला. "गमरे, शुक्रवारी तीनशे अठरा म्हणजे कोण?"

कौसल्याने पाऊल पुढे टाकलं. गुणाजीने तिचा पदर धरून मागे ओढलं. भिवाने नकाशाकडे पाहिलं. त्यात एकही खूण खोटी नव्हती आणि तो खोटं बोलणारही नव्हता.

"साहेब, तीनशे अठराने दहाला काम घेतलं. अकरा वीसपासून बारापर्यंत काळोखात बसलं, ही बघा थांबण्याची खूण. एकला काम पुरं केलं. एकही खुंटी चुकलेली नाही, बाबुरावांनी ताडून बघावं. चोरी झालेली नाही. तुम्ही मला कागद शोधायला सांगितला होता."

आणि मग सत्तावीस वर्षं स्वतःच्या नावासाठी कुढणारे बाबुराव खाकरले.

"साहेब, तक्रार माझी होती. खुंट्या चोख आहेत, आठ महिन्यांचं पोर घरी आलंय. मी तक्रार मागे घेतो. आता चौकशी कसली करायची?"

पाठाऱ्यांनी बाबुरावांकडे पाहिलं, मग कौसल्याच्या रापलेल्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. हजेरीपटावरचं त्यांचं बोट काही पुढे सरकलं नाही.

"गमरे," ते शेवटी म्हणाले, "खुंटेघरात तो चौकोन आजपासून घाला. शामराव, हे पुन्हा माझ्या टेबलापर्यंत आलं तर तुमचा नंबर पहिला. आणि गुणाजी, सकाळपासून टपाल पडून आहे. उभे काय राहिलात?"

गुणाजीने टोपी डोक्यावर चढवली आणि टपाल उचललं.

७

दुपारच्या सुट्टीत नक्षीघराबाहेरच्या आपल्या स्टुलावर गुणाजी गुडघा चोळत बसला होता. कौसल्या आणि बकुळा समोर येऊन उभ्या राहिल्या. मागे बाबुराव, दाराशी भिवा. दोघींचे डोळे भरले होते.

"काका, तुम्ही पहिल्याच दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?" कौसल्या म्हणाली. "एकतीस वर्षांची नोकरी घालवून बसला असता माझ्यापायी."

"तुझ्यापायी कित्याक?" गुणाजी गुरगुरला. "आमी सगळे नोटीस वाचून कामार रवलव. मी पण. पिशवी भरून ठेवलंली, आणि पाय काय उचललो नाय. तू गेलंस. आमच्यातला कोणतरी थंय उभा रवाक व्हया हुता, ता तू रवलंस. आता तुझा नाव मी माझ्या तोंडान साहेबाक सांगू?"

कौसल्याने पदराने डोळे पुसले. "मग आता मी काय करू तुमच्यासाठी?"

"बस हंय." त्याने स्टुलावरून उठून तिला जागा दिली आणि स्वतः जिन्याच्या पायरीवर बसला. "चार दिस फाटकार बसान मी ह्याच विचार करी हुतंय. घाटात किती माणसा हुती, निशाणा किती हुती, ओरडलंस काय. काय ता सगळा सांग, कायेक सोडू नको."

कौसल्या स्टुलावर बसली. आवाज अजून फुटत होता, तरी तिने अगदी लालबागच्या नाक्यावरून, ट्रक सुटला तिथून सुरुवात केली. नक्षीघरातून आणखी दोघेजण बाहेर आले. शामरावसुद्धा तंबाखू मळत येऊन उभे राहिले. ट्रक घाटाच्या पायथ्याशी पोहोचला, पोलिसांनी अडवला, मग सगळे उतरून चालायला लागले. चालता चालता ऊन चढलं, आणि एका वळणावर अख्खा डोंगर माणसांनी काळा झालेला दिसला, तिथे ती थांबली.

गुणाजी पायरीवरून पुढे सरकला.

"मगे?" तो म्हणाला. "मगे काय झाला?"